एकाच घाटाचा तलाव

जानेवारीतल्या एका सकाळी बाबांनी पोह्यांच्या बशीवरून मान वर न करता सांगून टाकलं की ते फेब्रुवारीत नागपूरला परत जाणार. बाळंतपण मे महिन्यात होतं. त्यासाठीच तर दोघं आले होते. सहा डिसेंबरचं अभिवादन झाल्याशिवाय बाबा नागपूर सोडायला तयार नव्हते, म्हणून डिसेंबरच्या मध्यावर आले, आणि महिनाभरात मिशिगनच्या थंडीनं त्यांना पार नमवलं.  आई अशी गप्प राहिली की समजायचं, बाबांच्या मागोमाग तिचीही पिशवी भरली जाणार.

हे सगळं नव्वदीच्या दशकातलं. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, डेट्रॉईटजवळ नोव्हायला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होता. मला नोकरीची परवानगी नव्हती आणि पाचवा महिना चालू होता. बाबा रिटायर्ड सायन्स टीचर. नागपुरात सकाळी फिरायला गेले की वाटेत दहा जणांशी बोलून दोन तासांनी परत येणारा माणूस. आमच्या अपार्टमेंटबाहेर फुटपाथ नव्हता, बर्फ गुडघाभर, आणि बोलायला चिटपाखरू नाही. ते मोजे घालून बेसमेंटमधल्या लाँड्रीत येरझाऱ्या घालायचे. खालच्या मजल्यावरच्या बाईनं एकदा मला काळजीनं विचारलं होतं, तुझ्या वडिलांचं काही हरवलंय का.

"जावईबापूंना सांग, माझी काही तक्रार नाही," बाबा म्हणाले. "पण इथं मी भिंतीला लागलेल्या बुरशीसारखा होऊन रायलो. आणि चौदा एप्रिलला मी वस्तीत हवा."

मिलिंदनं हे दुःख ऑफिसातल्या डेव्ह नावाच्या सहकाऱ्यापाशी उगाळलं. डेव्हचे वडील दर हिवाळ्याला मोटरहोम, म्हणजे आरव्ही, चाकांवरचं घरच, घेऊन फ्लोरिडाला जायचे. ते वारले तेव्हापासून गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. डेव्ह म्हणाला, घेऊन जा, उभ्या गाडीला गंज चढतो. तर अशा रीतीनं आमची आरव्ही ट्रिप ठरली. बाबांना दोन आठवडे ऊन दाखवायचं, तलाव दाखवायचे, आणि त्यांचं मन वळतंय का बघायचं. मिलिंदनं साठवलेली सगळी रजा काढली. डॉक्टरीणबाईंनी मला जायची परवानगी दिली, दर दोन तासांनी खाली उतरून चालायच्या अटीवर.

आता जे कोणी अशा ट्रिपचं स्वप्न बघतायत त्यांच्यासाठी कामाचं सांगते. आरव्ही पार्क म्हणजे घरासारख्या गाड्या उभ्या करून राहायची जागा. तिथं प्रत्येक गाडीला पाण्याची नळी, विजेचा प्लग आणि सांडपाण्याची जोडणी मिळते. तिन्ही मिळालं की त्याला फुल हुकअप म्हणतात. तेव्हा इंटरनेट आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. लायब्ररीत टेलिफोन डिरेक्टरीएवढं जाड पार्कांचं पुस्तक होतं, ते घरी आणून त्यातून आम्ही मध्य फ्लोरिडाच्या तळ्यांच्या भागातले दोन पार्क निवडले. मी फोन केले. पलीकडच्या बाया मला "हनी" म्हणायच्या आणि हिवाळ्यात सगळं भरलेलं असतं, लवकर या, असं सांगायच्या. मी बघत होते स्विमिंग पूल आणि लाँड्री, मिलिंद बघत होता गाडी रिव्हर्स न घेता लावता येते का. आईची एकच अट होती, चुलीसमोर उभं राहिल्यावर खिडकी असावी. बाबांनी काही अट घातली नाही. नकाशा मात्र मागून घेतला, आणि फ्लोरिडाच्या मधोमध निळे ठिपके बघून भिंग आणायला लावलं.

"हा तर भंडारा जिल्हा आहे," ते म्हणाले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमचं मूळ गाव भंडाऱ्याकडलं. तो जिल्हाच तलावांचा. जुन्या काळी मालगुजारांनी, म्हणजे तिकडच्या जमीनदारांनी, बांधून घेतलेले तलाव गावोगाव आहेत. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि त्यांना नाव पडलं माजी मालगुजारी तलाव. थोडक्यात मामा तलाव. लहानपणी मला वाटायचं की तो कुणाच्या तरी मामाचा आहे, आणि आपल्या मामाचा का नाही म्हणून मी रुसायचे. बाबा मला शब्द सोडवून सांगायचे आणि वर म्हणायचे, "या नावातला मला आवडणारा शब्द एकच. माजी."

निघालो. नोव्हायहून दक्षिणेकडं जाणं सोपं आहे, इंटरस्टेट पंचाहत्तर धरायचा आणि सोडायचा नाही. ओहायो सगळा सपाट आणि मिठानं पांढरा झालेला. मिलिंद तेवढी मोठी गाडी पहिल्यांदाच चालवत होता, वाऱ्याचा झोत आला की ती अख्खी डोलायची, आणि मी नकाशा घेऊन शेजारी बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. आईनं मागच्या छोट्या किचनमध्ये चालत्या गाडीत चहा करायचा प्रयत्न केला, अर्धा सिंकला पाजला, आणि मग जाहीर केलं की स्वयंपाक गाडी थांबल्यावरच. पहिला मुक्काम केंटकीत, हायवेलगतच्या एका साध्या पार्कात. थंडी होतीच, पण बर्फ संपला होता. टेनेसीत डोंगर लागले. जॉर्जियात रस्त्याकडेला पीकॅन नावाचे अक्रोडासारखे दाणे विकणाऱ्या टपऱ्या दिसायला लागल्या. आईनं ते घेऊन त्यांची तिखट चटणी करून ठेवली, आणि पुढचे दोन आठवडे आमचं तोंडीलावणं तेच होतं. फ्लोरिडाची सीमा ओलांडली की पहिल्याच थांब्यावर संत्र्याचा रस फुकट देतात. नागपूरच्या माणसाला संत्र्याचा रस प्यायला घालणं हे धाडसच. बाबांनी दोन घोट घेतले, "गोड आहे, पण वास नाही," असा निकाल दिला आणि मग तीन पेले प्याले. बाहेर ऊन होतं. त्यांनी स्वेटर काढून हातावर टाकला. डिसेंबरनंतर त्यांना बिनस्वेटरचं मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला फार बरं वाटलं.

पहिला पार्क दृष्ट लागण्यासारखा होता. पांढरे रस्ते, खजुराची झाडं, प्रत्येक गाडीपुढं प्लास्टिकचे फ्लेमिंगो. ऑफिसातल्या बाईनं बाबांचे पिकले केस बघून हसून स्वागत केलं. मग मी आत आले. तिची नजर माझ्या पोटावर गेली. हा पार्क पंचावन्नच्या वरच्या लोकांसाठी आहे, ती अवघडून म्हणाली, तुम्ही पाहुण्या म्हणून थोडे दिवस चालाल, पण फोनवर तुमचा आवाज मोठ्या बाईसारखा वाटला हो. मी फोनवर वय सांगितलंच नव्हतं, आणि पुस्तकातलं ते बारीक अक्षर आम्ही कुणी वाचलं नव्हतं. थोडक्यात, माझं बाळ जन्माच्या आधीच एका पार्कातून परत पाठवलं गेलं. यावर गाडीत सगळे हसलो, बाबासुद्धा. पोटातल्याला उद्देशून ते म्हणाले, "बेटा, सुरुवात झाली तुझी."

दुसरा पार्क तासाभरावर. तिथं सगळं होतं. फुल हुकअप, पूल, लाँड्री, बिंगोची, म्हणजे हौजी खेळायची, खोली, आणि आईची खिडकीसुद्धा, कारण चुलीसमोरून थेट तलाव दिसत होता. तलाव केवढा, पलीकडचा काठ धुरकट. आम्हाला मागच्या ओळीतली जागा मिळाली. मिलिंदनं तासभर खटपट करून गाडीखाली फळ्या सरकवल्या, लेव्हल केली, नळ्या जोडल्या. आईनं कुकर चढवला. बाबा पायजमा सावरत पाण्याकडं निघाले. नवीन गावी गेलं की ते आधी पाण्यापाशी जातात, ही त्यांची जुनी सवय.

ते लगेचच परत आले. गाडीच्या पायरीवर बसले. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाले, जाऊन बघ. मी गेले. तलावात लाकडी धक्का, म्हणजे डॉक, बांधलेला होता, त्याच्या तोंडाशी साखळी, आणि साखळीवर स्वच्छ अक्षरात पाटी. पुढच्या ओळीत राहणाऱ्यांसाठीच. मागच्या ओळीतल्यांनी कृपया उत्तरेकडच्या वाटेनं पाण्यापाशी जावं. उत्तरेकडं लव्हाळी होती आणि चिखलात उतरणाऱ्या दोन फळ्या.

मी परत आले तेव्हा बाबांनी पायात बूट घातले होते. "मी इथं उतरणार नाही," ते म्हणाले.

मला भूक लागली होती, पाय सुजले होते, आणि या सगळ्या उपद्व्यापाचं कारण ते स्वतःच होते. मी चिडले. म्हटलं, बाबा, तुम्ही प्रत्येक गोष्टीत तेच बघता. पुढच्या ओळीचं भाडं जास्त आहे म्हणून डॉक त्यांचा. हा नुसता पैशांचा मामला आहे, इथं आपल्याला कोण ओळखतं. हे जातीचं नाहीये.

"मला कळते न," बाबा शांतपणे म्हणाले. "पण घाट दोन आहेत."

 आमच्या गावच्या तलावाला दोन घाट होते. वरचा दगडी, पायऱ्यांचा, आणि खालचा सांडव्याकडचा, जिथून पाणी वाहून जातं तिथला. खालचा आमचा. मी लहानपणी गावी जायचे तेव्हा अडवणारं कुणी उरलं नव्हतं, तरी आजी धुणं घेऊन खालीच जायची आणि बाबा तिच्यासोबत. मला वाटायचं, तिकडे कमळं आहेत म्हणून. बाबांनी कधी गाऱ्हाणं म्हणून हे सांगितलं नाही. खालचा घाट त्यांच्या आईचा होता, त्यांना तो प्रिय होता. पण त्यांच्यासाठी पाणी तपासायची एकच रीत होती, आणि ती त्यांनी पुस्तक न उघडता पाच मिनिटांत वापरली.

आईनं कुकरची शिटी व्हायच्या आत गॅस बंद केला. "मिलिंदराव, नळ्या काढा," ती म्हणाली. "खिचडी पुढं शिजंल."

मिलिंद मूळचा औरंगाबादचा, शांत डोक्याचा. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग मुकाट्यानं नळ्या काढल्या. ऑफिसात जाऊन त्यानं काय सांगितलं ते मला त्यानं खूप नंतर सांगितलं. त्यानं सांगितलं होतं की सासऱ्यांना जागा पसंत नाही. ती बाई म्हणाली, माझ्या सासऱ्यांनाही कधी काही पसंत नसायचं, आणि बिचारीनं पैसे परत करताना काहीही कापून घेतलं नाही.

आता ऊन उतरायला लागलं होतं आणि हातात एकही ठरलेली जागा नव्हती. सीझन भरात. तीन ठिकाणी "जागा नाही" ची पाटी. मी मनात म्हणत होते, झालं, आता हे फेब्रुवारीत नाही, परवाच जातील. एका पेट्रोल पंपावर कुणीतरी सांगितलं की काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या सरकारचा, एक कॅम्पग्राउंड पुढं तलावाकाठी आहे. पुस्तकात त्याला एकही तारा नव्हता. गेलो. ओकची जुनी झाडं, त्यांच्या फांद्यांवरून करड्या दाढ्यांसारखं शेवाळ लोंबतंय, खाली वाळू. पूल नाही, बिंगो नाही. गोल्फ कार्टमध्ये बसून एक गलेलठ्ठ म्हातारा आला. तो तिथला होस्ट, म्हणजे देखरेख करणारा होता, वॉल्ट नाव. म्हणाला, एकच जागा आहे, संडास-बाथरूमला लागून, सांडपाण्याची जोडणी नाही, म्हणून कुणी घेत नाही.

मिलिंद हो म्हणणार तेवढ्यात बाबा पुढे झाले. त्यांचं इंग्रजी शाळामास्तरांचं, सावकाश आणि पूर्ण वाक्यांचं. तलावाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "सर, हूज लेक इज धिस?"

वॉल्टनं असा प्रश्न आयुष्यात ऐकला नसावा. त्यानं तलावाकडं बघितलं, टोपी मागं सारली. "नोबडीज," तो म्हणाला. "वेल, द गेटर्स, मोस्टली."

बाबांना कळायला एक क्षण लागला. मग ते इतके हसले की त्यांना खोकला आला. "प्रज्ञा, ऐकलं का," ते मला म्हणाले, "इथं मालगुजार मगरी आहेत." मग त्यांनी वॉल्टशी हात मिळवला, आणि पदरी पडलं ते पवित्र झालं. खिचडी तिथं शिजली.

तलावात उतरायला एकच जागा होती, सिमेंटचा उतार. बोटी पाण्यात सोडण्यासाठी बांधलेला. कुणीही यावं, बोट सोडावी, गळ टाकावा. लाखाच्या बोटीवाला आणि प्लास्टिकची बादली घेऊन मासे धरायला आलेली मेक्सिकन आजी, दोघंही त्याच उतारावर. बाबा रोज सकाळी तिथं जाऊन पायजमा वर करून घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहायचे. मगरींबद्दल मोठी पाटी होती आणि मी पहिल्या दिवशी किंचाळलेच. वॉल्टनं नियम सांगितला: दिवसाउजेडी, उथळात, डोळे उघडे ठेवून. बाबांना त्याचा काही त्रास नव्हता. ते म्हणाले, ही पाटी सगळ्यांसाठी सारखीच आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईनं मला हाक मारून खिडकीपाशी बोलावलं. आमच्या गाडीच्या आणि शेजारच्या गाडीच्या मधून दोन उंच राखाडी पक्षी चालत चालले होते, डोक्यावर लाल टिळा, कुणाची भीड नाही. सँडहिल क्रेन. बाबा त्यांच्या मागं मागं अनवाणी चालत होते. आमच्याकडे तलावांवर सारस येतात, त्यांचे हे भाऊबंद. "इथपर्यंत कोण घेऊन आलं तुम्हाला," असं बाबा त्यांना विचारत होते, आणि मग त्यांना आठवलं असावं की त्यांनाही कुणीतरी घेऊन आलं आहे, कारण ते माझ्याकडं बघून हसले.

सांडपाण्याची जोडणी नसल्यामुळं दर काही दिवसांनी गाडी फाटकापाशी नेऊन मैल्याची टाकी रिकामी करावी लागायची. त्याला डंप स्टेशन म्हणतात आणि कुठलंच पुस्तक त्याबद्दल नीट सांगत नाही, म्हणून मी सांगते. रबरी हातमोजे दोन जोड घ्या, नळी आधी गाडीला लावा, मग खड्ड्यात सोडा, क्रम चुकवू नका. मिलिंदनं पहिल्या वेळी चुकवला. पण मला आठवते ती तिथली रांग. रविवारी सकाळी सात-आठ गाड्या, प्रत्येकाच्या हातात मोजे. पुढं शिकागोचा एक रिटायर्ड जज, त्याच्या मागं प्लंबर, मग आम्ही, मग एक दातांची डॉक्टरीण. जो तो आपापली घाण आपल्या हातानं काढतोय, वरून हवापाण्याच्या गप्पा मारतोय, नळी अडली तर जज प्लंबरला विचारतोय. बाबा झाडाखाली उभे राहून हे सगळं बघत होते. शेवटी मिलिंदकडून मोजे मागून घेऊन त्यांनी स्वतः झडप ओढली. आई "अहो" म्हणेपर्यंत काम झालं होतं. संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, उंच इमारती बघितल्या, मोठे रस्ते बघितले, पण हा देश मला आज सकाळी पटला.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही जवळच्या एका झऱ्यावर गेलो. त्या भागात जमिनीतून निळ्या पाण्याचे झरे फुटतात, काचेसारखे स्वच्छ, बाराही महिने एकाच कोमट तापमानाचे, आणि तिथं मगरींना शिरू न देता पोहण्याची सोय केलेली असते. तुम्ही गेलात तर सकाळीच जा, दुपारी गाड्या लावायला जागा मिळत नाही. काठावर बसून आम्ही दशम्या आणि पीकॅनची चटणी खाल्ली. मिलिंद पोहत होता. मी पाय सोडून बसले होते. मी बाबांना म्हटलं, तुम्हीही उतरा की, तलावाकाठचा माणूस तुम्ही.

"मले पोहता येत नाही," ते म्हणाले.

 सत्तावीस वर्षांत मला हे माहीत नव्हतं.

"खालच्या घाटाले पाणी कधी कमरेच्या वर नव्हतं," ते पाण्याकडं बघत म्हणाले. "शिकणार कुठं?"

त्यात दुःख नव्हतं, माहिती सांगावी तसं सांगितलं. पण मिलिंदनं ते ऐकलं. तो पाण्यातून वर आला, गाडीत गेला आणि डेव्हच्या वडिलांच्या खणातून पोहायची चड्डी घेऊन आला. तिच्यावर हिरवे पोपट होते. आईनं पदर तोंडाला लावला. बाबांनी आधी जावयाकडं बघितलं, मग पोपटांकडं. मला वाटलं आता शाळामास्तर जागे होणार. पण ते चड्डी घेऊन कपडे बदलायच्या खोलीकडं गेले, आणि परत आले तेव्हा फार किडकिडीत आणि लहान दिसत होते.

मिलिंदनं त्यांना छातीएवढ्या पाण्यात नेलं, पाठीखाली दोन्ही हात धरले आणि उताणं व्हायला सांगितलं. जावयाच्या हातावर सासरा, वर निळं आभाळ. बाबांनी मान ताठ धरलेली, डोळे गच्च मिटलेले. मिलिंद हळू आवाजात सांगत होता, बाबा, मान सोडा, कान पाण्यात जाऊ द्या. बराच वेळ ते जमेना. मग एकदा जमलं. मिलिंदनं हात काढून घेतले आणि बाबा तसेच राहिले, त्या निळ्या पाण्यावर, एक श्वासभर, दोन श्वास. आईनं माझा हात घट्ट धरला होता. बाबा गटांगळी खाऊन उठले, नाकातोंडातलं पाणी पुसलं आणि म्हणाले, "अजून एकदा." पुढचे सगळे दिवस आम्ही रोज झऱ्यावर गेलो.

परतीच्या प्रवासात मी बाबांना काही विचारलं नाही. मिलिंदला पण विचारू दिलं नाही. वॉल्टनं निघताना आईला संत्र्यांची पिशवी दिली, आईनं त्याला चटणीची बरणी दिली. जॉर्जिया, टेनेसी. एकेक करून स्वेटर परत अंगावर चढले. केंटकीत बर्फ भुरभुरायला लागला आणि वायपर सुरू झाले तेव्हा मला रडू यायला लागलं. आई मागं डुलक्या घेत होती. बाबा माझ्या मागच्या सीटवरून पुढं वाकले.

"मिलिंदराव," ते म्हणाले, "तुमच्या गावच्या त्या शाळेत पाण्याचा हौद आहे म्हणत होते न तुम्ही? आत, छताखाली?"

मिलिंद म्हणाला, हो, हायस्कूलचा पूल आहे, गरम पाण्याचा, सकाळी गावातल्या सगळ्यांना खुला असतो.

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना, बाबा."

"मंग तिकीट राहू द्या जूनचंच," बाबा म्हणाले. "अर्धवट विद्या बरी नाही."

मी पुढं बघत राहिले. मिलिंदनं एक हात स्टिअरिंगवरून काढून माझ्या गुडघ्यावर ठेवला. मागून आईचा आवाज आला, ती झोपली नव्हतीच. ती म्हणाली की मग ती पोपटाची चड्डी धुवून वाळत घालावी लागेल.

ती चड्डी डेव्हनं परत घेतली नाही. बाबा तीच घालून सबंध वसंत ऋतू त्या हायस्कूलच्या पुलात गेले, आणि तिथं त्यांना बोलायला तेवढेच दहा जण मिळाले. चौदा एप्रिलला आमच्या बेसमेंटमध्ये, लाँड्रीची मशिनं बंद ठेवून, आसपासची सात-आठ कुटुंबं जमली. बाबांनी त्रिशरण-पंचशील घेतलं, आईनं खीर केली. मे महिन्यात मुलगी झाली. संघमित्रा, घरात मित्रा.

मग त्या ट्रिपमधलं माझ्याकडं काय राहिलं? पार्क कसा निवडावा, असं कुणी विचारलं तर मी हुकअप आणि लाँड्री सांगते, आणि मग सांगते की भाडं भरण्याआधी चालत पाण्यापर्यंत जाऊन या. वाट कुठून जाते ते बघा. त्या तलावाचं नाव नकाशात वेगळंच आहे, पण आमच्या घरात तो मगरींचा मामा तलाव. मित्राला तर बरीच वर्षं वाटायचं की मगरी तिचे मामा आहेत.

ती सात वर्षांची असताना आम्ही तिला भंडाऱ्याला घेऊन गेलो. माझी आजी तोवर गेली होती. गावात शिरल्यावर बाबा नेहमीप्रमाणं आधी पाण्याकडं निघाले, आणि नेहमीप्रमाणं खालच्या घाटाच्या वाटेला वळले. मित्राला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तिला समोर पायऱ्या दिसल्या. ती धावत वरच्या घाटानं खाली उतरली आणि फ्रॉकसकट पाण्यात शिरून ओरडली, "आबा, कम! इट्स सो डीप हिअर!"

बाबा वाटेवर थांबले. सांडव्याकडं एकदा बघितलं. मग परत फिरले, चपला काढून पहिल्या पायरीवर ठेवल्या आणि दगडाला हात लावत लावत एकेक पायरी उतरले. पाणी छातीशी आलं तेव्हा त्यांनी मान मागं सोडली, कान पाण्यात जाऊ दिले आणि तरंगत राहिले. वरच्या पायरीवर उभ्या मित्रानं त्यांच्या पाठीखाली उगाचच एक हात धरला होता.

काठावर आल्यावर डोळ्यांवरचं पाणी निपटत ते आईला म्हणाले, "इथं खोल आहे वो. आपल्याले माहीतच नव्हतं."